बाणातला ण

शिक्षकांचे पेपर मी तपासते, हे माझ्या आईला अजून खरं वाटत नाही. "आठवीत शाळा सोडली तू, अन् मास्तरायचे पेपर तपासून राहिली?" असं ती फोनवर विचारते, आणि मग शेजारच्या काकूंना हाक मारून तेच मोठ्यानं सांगते. त्यात माझी हुशारी काही नाही, हे तिला समजावून मी दमले. आमच्या सरांनी मला एक पुठ्ठा करून दिलाय. बरोबर उत्तरांच्या जागी त्याला भोकं पाडलीत. पुठ्ठा उत्तरपत्रिकेवर ठेवायचा, कडा जुळवायच्या आणि भोकांतून दिसणारे काळे गोल मोजायचे. प्रश्न काय होता, उत्तर काय होतं, याच्याशी माझा संबंध येत नाही.

सर म्हणजे गणिताचे निवृत्त शिक्षक. कोथरूडला एका स्टेशनरीच्या दुकानावर त्यांची अभ्यासिका आहे. महिन्याची फी भरून मुलं तिथे स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करत बसतात. सकाळी कुलूप उघडणं, टेबलं पुसणं, पाण्याचा जार बसवणं, कुणी दुसऱ्याच्या जागेवर बसलं तर त्याला उठवणं, ही माझी कामं. नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही वैनगंगेकाठचं गाव सोडून इथे आलो. पुण्यात कुणी गाव विचारलं आणि मी सांगितलं की समोरचा म्हणतो, "म्हणजे नागपूरकडे." नागपूर आमच्यापासून चांगलंच लांब आहे, पण वाद घालायचा मला धीर होत नाही. कामासाठी आले तेव्हा सरांनी शिक्षण विचारलं. मी खाली बघून आठवी म्हटलं आणि आता नाहीच म्हणणार असं समजून चपला घालायला वळले. सर म्हणाले, "कुठे निघालात? किल्ल्या घेऊन जा."

त्या किल्ल्या मी घरी पोचेपर्यंत मुठीतच धरून ठेवल्या. एवढी पुस्तकं असलेल्या जागेच्या किल्ल्या.

पुढे शाळाशाळांतून एकच बोलणं सुरू झालं. वर्षानुवर्षं नोकरीत असलेल्या शिक्षकांनाही आता आपापल्या विषयाची पात्रता परीक्षा द्यावी लागणार, आणि ठरलेल्या मुदतीत पास झालं नाही तर नोकरी सोडावी लागणार. सरांचे जुने सहकारी, त्यांच्या ओळखीचे, ओळखीच्यांच्या ओळखीचे असे शिक्षक चौकशीला यायला लागले. सरांनी दर रविवारी सकाळी सराव परीक्षा ठेवली. मुलं त्या दिवशी उशिरा यायची आणि त्यांच्या जागांवर चाळिशी-पन्नाशीचे शिक्षक चष्मे पुसत बसायचे.

"घंटा तुम्ही द्यायची," सर मला म्हणाले. "वेळ संपली की पेपर ओढून घ्यायचे. दयामाया नको."

मी जन्मात कधी शिक्षकांच्या हातातून काही ओढलेलं नव्हतं. पहिल्या रविवारी घंटा दिली ती इतकी हळू की कुणी मान वर केली नाही. आणि एक सांगते, शिक्षक बाकावर बसले की मुलांपेक्षा वाईट वागतात. एकीला पंख्याखालची जागा हवी होती. एक जण दर दहा मिनिटांनी पाणी प्यायला उठत होते आणि जाताना चार उत्तरपत्रिकांवर नजर टाकत होते. भूगोल शिकवणारे एक सर मान वळवून वळवून शेजाऱ्याकडे बघत होते, तेव्हा आमचे सर दारातूनच म्हणाले, "अहो, उत्तर दिशा समोर आहे." सगळा वर्ग हसला, त्यात शेजाऱ्याचं बोट सरकलं आणि त्यानं भलताच गोल काळा केला.

त्या सगळ्यांत एक बाई मात्र मान खाली घालून लिहीत होत्या. वारज्याच्या एका शाळेत त्या मराठी शिकवायच्या. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलेली. यजमान आजारपणामुळे घरीच असायचे, मुलगा अजून शिकत होता, म्हणजे घर त्यांच्या नोकरीवर चाललेलं. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मला फक्त एवढंच दिसलं की या बाईंचा हात एकदाही थांबत नाही. मनात म्हटलं, या नक्की पहिल्या येणार.

दुपारी मी पुठ्ठा घेऊन बसले. बाईंच्या उत्तरपत्रिकेवर ठेवला तर भोकांतून काहीच दिसेना. मला वाटलं पुठ्ठा उलटा ठेवला. फिरवून ठेवला. तरी काही नाही. पुठ्ठा काढून बघितलं, तर गोल सगळे पांढरे आणि त्यांच्या शेजारी बरोबरच्या खुणा. सुबक, एका मापाच्या, वही तपासताना करतात तशा. त्याही निम्म्याच प्रश्नांना. पुढे कोरं.

मग मी प्रश्नपत्रिका उघडली. वरचं मोठ्या अक्षरांतलं 'सराव परिक्षा' बाईंनी खोडून 'परीक्षा' केलं होतं. खाली प्रत्येक पानावर वेलांट्या बदललेल्या, उकार दुरुस्त केलेले, एका प्रश्नाला समासात 'वाक्यरचना सदोष' असा शेरा. एका ठिकाणी तर 'पुन्हा लिहा'.

मी घाबरून सरांना दाखवलं. त्यांनी पानं उलटली, चष्मा कपाळावर नेला आणि म्हणाले, "यांनी पेपर सोडवलेला नाही. तपासलाय."

बाईंना बोलावलं तर त्या आधी आपल्याच प्रश्नपत्रिकेकडे परक्यासारख्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "परीक्षेची 'री' ज्यांना लिहिता येत नाही, त्यांनी माझी पात्रता ठरवायची?"

"ती ऱ्हस्व 'रि' माझी आहे," सर म्हणाले. "मी गणिताचा माणूस. पण बाई, खऱ्या पेपरातही चुका असणार. तुम्ही त्या दुरुस्त करत बसलात तर मुदत संपेल आणि पुढची तुकडी दुसरं कुणी तरी शिकवेल. ज्याला बहुधा ऱ्हस्व, दीर्घ दोन्ही लिहिता येणार नाहीत."

बाई खुर्चीवर बसल्या. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "मला कळतं हो सर. हातच थांबत नाही. तीस वर्षांचा हात आहे. चूक दिसली की तो आपला जातो."

सरांनी तोडगा काढला. बाईंनी प्रश्नपत्रिका बघायचीच नाही. दुपारी शाळा सुटली की त्यांनी अभ्यासिकेत यायचं, मागच्या छोट्या खोलीत बसायचं. प्रश्न मी वाचून दाखवायचे, त्यांनी ऐकायचे आणि फक्त गोल काळे करायचे. जे दिसणार नाही ते दुरुस्त कसं करणार?

"मी वाचू?" मी म्हटलं. "सर, मला नाही जमणार न."

"मराठी वाचता येतं ना?"

"येतं, पण..."

"पण असला तर तो बाईंना सांगा. त्या विषयाच्या आहेत."

सोमवारी दुपारी मी पहिला प्रश्न वाचला. "बालकाची वाढ आनि विकास..."

"आणि," बाई म्हणाल्या.

मला वाटलं त्या पुढे काही बोलणार. मी थांबले.

"आणि. बाणातला ण. तू नळातला न म्हणालीस. पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. आमच्याकडे पाणी पानीच असतं आणि कोण कोनच असतो. जीभ वर वळतच नाही. पुढच्या प्रश्नात 'प्रेरणा आणि अभिरुची' होतं, म्हणजे एका ओळीत दोन. त्यापुढच्यात 'शिक्षण आणि वातावरण'. मराठीत 'आणि'शिवाय प्रश्न निघतच नाही, हे मला त्या दुपारी कळलं. तासाभरात दहासुद्धा गोल काळे झाले नाहीत. माझी जीभ टाळूला लागून लागून दुखायला लागली आणि बाईंनी दमून डोळे मिटले.

"आता तर कानही जातोय," त्या म्हणाल्या. "इतके दिवस नुसता हात जात होता."

असं आठवडाभर चाललं. त्यातच एकदा मी एक प्रश्न वाचला. वर्गातलं मूल घरची बोली बोलत असेल, तर शिक्षकानं आधी काय करावं? खाली चार पर्याय. मी तिसरा वाचायच्या आत बाईंनी पहिला गोल काळा केला. ताबडतोब दुरुस्ती करावी. मी पुठ्ठा ठेवला तर भोक तिसऱ्यावर होतं. मुलाचं बोलणं स्वीकारून त्याला पुढे बोलू द्यावं.

"काहीच्या काही," बाई म्हणाल्या. "चूक ऐकून सोडून द्यायची? मग मला वर्गात कशाला उभं केलंय, हवा खायला?"

मी पुढचं पान उलटलं. मला यातलं काय कळतं? पण बाईंनी पेन टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. "तू शाळा का गं सोडलीस?"

हा प्रश्न मला खूप जणांनी विचारलाय. दर वेळी मी एकच सांगते. आमच्या गावची शाळा सातवीपर्यंत होती, पुढची शाळा तालुक्याला, एसटी कधी यायची कधी नाही, घरात धाकटी भावंडं. सगळं खरं आहे. त्या दिवशी मात्र मी आणखी एक बोलून गेले. "तालुक्याच्या शाळेत उभं करून वाचायला लावायचे. मी वाचलं की सगळे हसायचे. मग एसटी नाही आली की मला बरंच वाटायचं."

मागच्या खोलीत तो एक जुना पंखा करकरत होता. मला वाटलं बाई आता हळवं काही तरी बोलतील, आणि मला रडू येईल, आणि प्रश्न राहून जातील. पण बाईंनी पेन उचललं.

"इथे कोण हसतंय? वाच पुढे."

मी वाचलं. 'आनि' आलं. बाईंच्या ओठांची हालचाल झाली, पण आवाज आला नाही. त्यांनी पेनाचं टोपण टेबलावर एकदा टक् करून आपटलं, आणि गोल काळा केला. पुढच्या प्रश्नाला पुन्हा टक्. तिसऱ्याला टक् टक्, कारण 'प्रेरना' पण होतं. त्या दिवशी सगळा पेपर झाला. पहिल्यांदाच.

"जमलं की!" मी म्हटलं.

"ऐक," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे चमकत होते. "तुझा 'आनि' ऐकून मला गप्प बसता आलं, तर परीक्षेत समोर काहीही आलं तरी गप्प बसता येईल. याहून अवघड तिथे काही नसणार."

हे कौतुक होतं की टोमणा, ते मला कळलं नाही. पुण्यात बरेचदा कळत नाही. पण मला फार बरं वाटलं.

घोटाळा पुढेच झाला. आठवडाभर 'बाणातला ण, बाणातला ण' ऐकून माझी जीभ आतल्या आत कधी वळायला लागली होती, माझं मलाच कळलं नव्हतं. एका दुपारी मी सरळ, घडाघडा वाचत गेले. "मूल्यमापन आणि..."

बाईंचं टोपण वर गेलं आणि तसंच राहिलं.

"काय म्हणालीस?"

"आणि," मी म्हटलं, आणि स्वतःच दचकले.

"अगं बाई! आत्ता नको!" त्या अक्षरशः उभ्या राहिल्या. "इतक्यात सुधारू नकोस! माझी परीक्षा होईपर्यंत तरी थांब!"

त्यांचा आवाज ऐकून बाहेरून दोन मुलं धावत आली. त्यांना वाटलं खोलीत साप निघाला.

मग मला मुद्दाम चुकीचं वाचावं लागलं. गंमत वाटते, पण त्यासारखं अवघड काम मी केलं नाही. जे आपसूक यायचं ते आता आठवून आठवून आणायचं. मी वाचायच्या आधीच प्रत्येक 'आणि'खाली पेन्सिलनं रेघ मारून ठेवायचे. तरी एखादा 'ण' निसटायचाच. बाई म्हणायच्या, "चुकलीस बघ, बरोबर म्हणालीस." सर दारात उभे राहून ऐकायचे. एकदा म्हणाले, "जगात ही एकच शिकवणी असेल, जिथे विद्यार्थिनीला अशुद्ध बोलल्याबद्दल शाबासकी मिळते." बाई मान न वळवता म्हणाल्या, "आपण आपली ऱ्हस्व 'रि' सांभाळा."

रात्री नवऱ्याशी बोलताना माझ्या तोंडून 'पाणी' निघायचं. तो म्हणायचा, "पुनेरी झाली तू." मग आईशी फोनवर बोलताना मी मुद्दाम 'पानी' म्हणून बघायचे. यायचं अजून. मग जिवात जीव यायचा.

परीक्षेचं केंद्र येरवड्याला आलं. हे ऐकल्यावर जो तो शिक्षक तोच विनोद करत होता. "चाललोय येरवड्याला, सुटका झाली तर भेटू." आत मोबाइल न्यायचा नव्हता, पर्स न्यायची नव्हती, म्हणून सरांनी मला सोबत पाठवलं. शाळेच्या फाटकाबाहेर कडुनिंबाखाली मी सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत बसले. आजूबाजूला बायकांचे नवरे, बापांच्या मुली, डबे, पाण्याच्या बाटल्या. एक कॉलेजातली मुलगी आपल्या आईला फाटकापाशी सांगत होती, "घाई करू नकोस. आधी सोपे सोडव." आई मुकाट्यानं मान हलवत होती.

बाई आत जाताना माझ्याशी काही बोलल्या नाहीत. नुसता त्यांचा चष्मा काढून पुसायला माझ्याकडे दिला. तो आधीच स्वच्छ होता. तरी मी पुसला.

सुटल्यावर त्या सगळ्यांच्या शेवटी बाहेर आल्या. चेहऱ्यावरून काही समजेना. मी पिशवी दिली. त्या म्हणाल्या, "एका प्रश्नात 'विद्यार्थी' चुकीचं छापलं होतं."

"मग?"

"मग काय. सोडून दिलं."

"प्रश्न सोडून दिला?"

"प्रश्न कशाला सोडेन? 'विद्यार्थी' सोडून दिला. प्रश्न सोडवला." आणि मग बसथांब्याकडे चालता चालता त्या मध्येच थांबल्या. "पण मधला एक प्रश्न नंतर बघू म्हणून ठेवला होता गं. त्यानंतरचे गोल एकेक ओळ वर तर गेले नसतील?"

या एका वाक्यानं पुढचे महिने खाल्ले. बाई शाळेतून घरी जाताना उगीचच अभ्यासिकेत डोकावायच्या. कोऱ्या उत्तरपत्रिकेवर बोट ठेवून मला विचारायच्या, "इथला ठेवला होता. मग इथे असं केलं असेन, नाही का?" मी म्हणायचे, "होय न बाई, तसंच केलं असन." मला काय माहीत? पण मी जन्माची घाबरट, आणि समोरचं माणूस माझ्याहून जास्त घाबरलेलं असलं की मी शांत होते, हे मला तेव्हा कळलं. शाळेत पुढच्या वर्षीचं वेळापत्रक लागायला आलं होतं. मुख्याध्यापकांनी बाईंच्या नावापुढचे तास पेन्सिलनं लिहिले होते. "बाकी सगळ्यांचं पेनानं आहे," बाई म्हणाल्या. तेवढंच म्हणाल्या.

निकाल लागला तो एका दुपारी. सर बाहेरगावी गेले होते. बाई जिना चढून आल्या, मोबाइल माझ्या हातात दिला आणि खुर्चीवर बसल्या. "नंबर टाकलाय. तू वाच. मी नाही बघणार. सगळं तूच वाचलंयस, हेही वाच."

गोल गोल फिरणारं ते चाक थांबता थांबेना. मग पान उघडलं. मोठा तक्ता होता, माझ्या मोबाइलसारखीच बाईंच्या मोबाइलची काच छोटी, तक्ता तीत मावत नव्हता. डावीकडचं सगळं कापलेलं. मला कडेला फक्त दिसलं: 'पात्र'.

मी ओरडणार होते. तोंड उघडलंही होतं. आणि मग लक्षात आलं की कड अक्षराला अगदी लागून कापली आहे. त्याच्या आधी 'अ' असेल तर?

"काय आहे?" बाई म्हणाल्या. डोळे मिटलेलेच.

"थांबा न, सरकवून राहिली."

"काय सरकवतेस? वाच ना!"

बोटाला घाम आला होता, काच सरकेना. पदराला पुसलं. पुन्हा सरकवलं तर तक्ता भलतीकडेच गेला, भाषेचे गुण, मग कुठला तरी क्रमांक. परत आणला. हळूच डावीकडचा रकाना आत आला. आधी एक रेघ, रकान्याची. रेघ आणि शब्द यांच्यामध्ये मोकळी जागा.

"बाई, पात्र."

"आधी 'अ' आहे का, नीट बघ."

"नाही. 'अ' नाही."

"पुसट असेल."

"पुसट पन नाही. मोकळी जागा आहे बाई. काहीच नाही तिथं."

त्यांनी डोळे उघडले, मोबाइल घेतला, नाकाजवळ नेला. बराच वेळ बघत होत्या. मग मोबाइल टेबलावर पालथा ठेवला आणि घरी फोन लावायला म्हणून पुन्हा उचलला. "अहो, झालं," एवढंच त्या बोलल्या. पलीकडून यजमान काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, पण बाई म्हणाल्या, "हो, हो, जेवीन. तुम्ही जेवून घ्या." नंतर मुख्याध्यापकांना फोन केला. त्यांना मात्र बाईंनी ठणकावून सांगितलं, "सर, ते माझं पेनानं लिहून टाका आता. आठवीचा पहिला तास मला हवा."

मी पाणी आणायला गेले. जार संपत आला होता, वाकवून भरायला वेळ लागला. परत आले तर बाई टेबलावर हातांची घडी करून तीवर डोकं ठेवून झोपलेल्या. चष्मा तसाच, एका कानावरून निसटलेला. इतकी गाढ झोप की श्वासाचा आवाज येत होता. आजूबाजूची मुलं पुस्तकांतून वर बघायला लागली. अभ्यासिकेत झोपायला परवानगी नाही. भिंतीवर सरांची पाटी आहे, 'झोपण्यासाठी घर आहे', आणि झोपलेल्याला उठवणं हे माझंच काम.

एका मुलानं मला खुणेनं विचारलं, उठवायचं का?

मी मान हलवून नाही म्हटलं. बाईंचा चष्मा हळूच काढून बाजूला ठेवला, त्यांच्या डोक्यावरच्या पंख्याचा वेग एका आकड्यानं कमी केला आणि शेजारची खुर्ची ओढून बसले. दिवसभर काही खाल्लं नव्हतं ते मला आत्ता जाणवलं. डबा उघडला. पोळी गार झाली होती, भाजीचं तेल वर आलं होतं. मी सावकाश जेवले.